दरसाल दोन बोटं

“बाई, जरा मागं सरका... तुमच्यामुळं उत्तर दिशा हलून राहिली!”

दुर्पता जागच्या जागी थांबली. डोक्यावर वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची टोपली आणि कमरेला विळा. पाऊस घटकाभर उघडला होता, पण दरेकशाच्या डोंगरावरची झाडं अजून टपटपत होती. समोर, नाल्याकाठच्या लालसर खडकावर एक तरणा माणूस पालथा पडला होता. हातात पितळेची गोल डबी, कानामागं पेन्सिल, आणि सदरा इतका ओला की त्याचा मूळ रंग कोणता हे सांगता येऊ नये.

“मी काय केलं?” दुर्पतानं विचारलं.

“तुम्ही नाही, तुमच्या विळ्यानं केलं. लोखंड जवळ आलं की ही सुई नाचते.”

दुर्पता एक पाऊल पुढं आली. डबीतली सुई थरथरली. ती मागं गेली, सुई शांत. ती परत पुढं आली...

“बाई —”

“पाहून राहिली मी. तुमची सुई खरंच भेते का माह्या विळ्याले?”

“सुईचं सांगता येत नाही. पण मी...” तो म्हणाला आणि पुढचं गिळून बसला. त्याचे कान खडकापेक्षा लाल झाले.

त्यानं खडकावर चुन्यानं एक बाण काढला, त्याच्याशेजारी बारीक आकडे लिहिले आणि मग छिन्नी लावली.

“दगडावर बाण कायले काढता?”

“फोडायच्या आधी त्याचं तोंड कुणीकडं होतं ते लिहून ठेवतो. नाहीतर नागपूरला नेल्यावर त्याला विचारणार काय?”

“दगडाले विचारता? माणसं सरली काय नागपुरातली?”

तो मोकळेपणानं हसला. त्याचं नाव उदेभान मडावी. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकून तो आता आपल्या सरांच्या हाताखाली काम करत होता. दोन रात्री त्यानं स्टेशनच्या बाकावर काढल्या होत्या. राहायला जागा मिळेल काय, असं त्यानं विचारलं, तेव्हा दुर्पतानं चिंचेजवळचं घर दाखवलं. “बाबाले विचारा,” म्हणाली, “पण दगडाले विचारता तसं पालथं पडून नोका विचारू.”

दुर्पताचे वडील झाडू उईके सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, दोरी वळत बसले होते. त्यांनी उदेभानचं नाव विचारलं, गाव विचारलं आणि मग गोंडाच्या घरात जो प्रश्न हटकून विचारतात तो विचारला, “किती देवांचे?”

“सात.”

“आमी सहा.” झाडूंचा हात दोरीवर क्षणभर थबकला.

एवढंच बोलणं झालं, पण आतून जमुनाबाईंनी लेकीकडं पाहिलं. गोंडांत सारख्या देवांची माणसं भाऊभाऊ असतात, त्यांच्यात लग्न होत नाही. सहा आणि सात देवांचं मात्र जुळतं. दुर्पता सोललेले वास्ते पुन्हा सोलायला बसली.

त्या रात्रीपासून पाऊस असा लागला की नाला दोन्ही काठ धरून वाहू लागला. उदेभानचे बाण काढलेले दगड पलीकडच्या काठावर, उंच कपारीत राहिले आणि तो अलीकडं. इकडं रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस, आणि झाडूंचा नांगऱ्या तापानं पडलेला. सपरीत बसून पाऊस पाहणं उदेभानला जमेना. चौथ्या दिवशी त्यानं बैलांचा कासरा हातात घेतला. पहिल्याच फेरीत तो चिखलात सपशेल पडला. बैलांनी मागं वळून पाहिलं, असं दुर्पता पुढं कित्येक दिवस सांगत असे.

गावानंही पाहिलं. सात देवांचा पोरगा सहा देवांच्या घरी राहतो, तरणी पोरगी असलेल्या बापाची शेती करतो, मजुरी घेत नाही. गावाला आणखी काय सांगायचं? लमझना आला!

लमझना म्हणजे होणारा जावई. मुलीच्या बापाच्या घरी राहायचं, त्याच्या शेतात राबायचं, आणि ठरलेली वर्षं भरली की त्या घरच्या मुलीशी लग्न करायचं, अशी ती रीत. उदेभान लहानपणापासून नागपूरच्या वसतिगृहात वाढलेला. आपले देव किती हे त्याला ठाऊक होतं. ही रीत ठाऊक नव्हती. त्याची गोंडीही इतकी मोडकी की झाडू त्याच्याशी मराठीतच बोलत.

“दुर्पते, तुहा लमझना चिवट दिसते वो!” रोवता रोवता शेजारच्या सुमित्राबाई ओरडल्या. “दिवसभर पडते, पण उठते लवकर.”

बायका खदखदून हसल्या. नाही, तो लमझना नाही, पाहुणा आहे, पाणी ओसरलं की जाणार आहे... एवढं एक वाक्य दुर्पतानं म्हणायला हवं होतं. ते ओठांवर आलं आणि तिनं एक रोप चिखलात खोचलं. मग दुसरं. वाक्य राहूनच गेलं.

त्या न बोललेल्या वाक्याची किंमत तिला ठाऊक होती. लमझना अर्ध्यातून निघून गेला की लोक त्याला नावं ठेवत नाहीत. मुलीत काही खोट असेल, असं म्हणतात.

एके दुपारी उदेभान बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, चिखल सारखा करत होता. बैल फळी ओढत होते आणि वजनाला तो फळीवर उभा होता. एकाएकी त्यानं बैल थांबवले.

“दुर्पताबाई! हे पाहा, लवकर!”

“चिखल पाहू? सकाळपासून चिखलातच उभी आहो मी.”

“या घड्या पाहा ना. मागून फळी रेटते, समोरचा धुरा वाट देत नाही. मग मधल्या चिखलानं जायचं कुठं? वर! हिमालय असाच झाला.”

“त्याच्यावर कोणी फळी मारली?”

“आपल्या जमिनीनं. आपण उभे आहो ना, तिनं.”

दुर्पता धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या मातीच्या बांधावर, टेकली. उदेभान बोलू लागला आणि बोलताना त्याचे हातही बोलू लागले. फार फार पूर्वी आपली ही जमीन खूप दक्षिणेला होती. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, सगळे एकमेकांना चिकटलेले. मग ती भूमी फाटली. आपला तुकडा सुटला आणि समुद्रातून उत्तरेकडं निघाला. वर आशिया खंड होतं, त्याला जाऊन भिडला. मधल्या समुद्राचा तळ चेपला, त्याला घड्या पडल्या आणि तो आभाळात चढला. म्हणून तर हिमालयाच्या दगडांत समुद्रातले शिंपले सापडतात.

“चांद्याकडच्या कोळशाजवळ दगडात एक पान छापलेलं सापडतं,” तो म्हणाला. “तेच पान आफ्रिकेत सापडतं, ऑस्ट्रेलियातही. आता सांगा, ते झाड समुद्र पोहून गेलं का?”

“मले काऊन विचारता? दगडाले विचारा.”

“त्यालाच विचारतो. तुमच्या डोंगराचा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. तो हिमालयाहून फार जुना आहे. थंड होताना त्याच्यातले लोखंडाचे कण त्या वेळच्या उत्तरेकडं तोंड करून बसले, ते बसलेच. जमीन कुठंही गेली तरी जन्माच्या वेळची उत्तर दगड विसरत नाही.”

“माणसापरीस बरा म्हणायचा.”

उदेभाननं तिच्याकडं पाहिलं. तिनं भातरोपांच्या जुडीकडं पाहिलं.

“आणि त्या सगळ्या जोडलेल्या भूमीचं नाव काय ठेवलंय, माहीत आहे? गोंडवाना.”

“आपला... आपल्या गोंडांचा?”

“आपल्याच मुलखातल्या खडकांवरून पडलेलं नाव. तिकडं ऑस्ट्रेलियातला मास्तरही पोरांना हेच नाव शिकवतो.”

दुर्पतानं खाली पाहिलं. रोज पायाखाली तुडवलेली माती ती पहिल्यांदाच पाहत होती. एवढी मोठी वाट चालून आली ही, आणि एका शब्दानं बोलली नाही!

“सगळे मानतात हे?”

“छे. मोठमोठे शास्त्रज्ञ हसतात. एवढी जमीन ढकलते कोण, म्हणतात.”

“मी नाही हसून राहिली.”

पुढं दहा-बारा वर्षांत त्या हसणाऱ्यांपैकी बहुतेकांचं हसू थांबलं. पृथ्वीचं कवच मोठमोठ्या तुकड्यांचं आहे. ते सरकतात, एकमेकांना रेटतात, कुठं एक तुकडा दुसऱ्याखाली शिरतो, आणि ते जिथं एकमेकांपासून दूर जातात तिथं समुद्राच्या तळाशी नवी जमीन तयार होते, हे जगानं मान्य केलं. त्या तुकड्यांना भूपट्ट हे नाव मिळालं. पण त्या दुपारी दरेकशाच्या त्या बांधीत यावर विश्वास ठेवणारी माणसं दोनच होती, आणि दोघंही गुडघ्यापर्यंत चिखलात होती.

“किती सरकते?” दुर्पतानं विचारलं.

“कोणी नेमकं मोजलं नाही अजून. सर म्हणतात, दरसाल दोन बोटं असेल.”

तिनं चिखलानं माखलेली आपली दोन बोटं जोडून पाहिली. “एवढंसं?”

“पण थांबत नाही,” उदेभान म्हणाला. तो जमिनीबद्दलच बोलत होता, पण पाहत होता दुर्पताकडं.

त्या संध्याकाळी तिनं बाबांना गोंडवान्याची गोष्ट सांगितली. झाडू ताठ बसले आणि म्हणाले, “पुन्हा सांग.”

रोवणी संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी नाला उतरला. उदेभान पलीकडून दगड आणू लागला. प्रत्येक दगड गोणपाटात लहान बाळासारखा गुंडाळत होता. दुर्पता काठावर येऊन उभी राहिली.

“केव्हाची गाडी?”

“उद्या सकाळची पॅसेंजर.”

“एक सांगाचं होतं.” तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “गावाले वाटते... तुमी आमच्या घरचे लमझना आहा.”

“म्हणजे?”

तिनं सांगितलं, सगळं, नाल्याच्या पाण्याकडं पाहत. शेवटी म्हणाली, “लोकांनी चिडवलं, तवा नाही म्हणाचं होतं. मी म्हटलं नाही.”

“काऊन?” पहिल्यांदाच त्याच्या तोंडी तिचा शब्द आला.

“म्हणावंसं वाटलं नाही.”

उदेभानच्या हातातला दगड अलगद खाली गेला. “मग... माझ्याबरोबर चला, दुर्पता. मी आजच काकांना विचारतो. नागपूरला खोली आहे माझी, लहान आहे, पण —”

तिच्या चेहऱ्यावर ऊन आलं आणि गेलं. “बाबाले मी एकटी. माय थकली. मी इथून नाही सरकणार.”

“जगात काहीच जागच्या जागी राहत नाही. हा डोंगरसुद्धा —”

“डोंगर सरकते, तर कसा सरकते?” तिचा आवाज चढला. “आपली झाडं घेऊन, नाला घेऊन, बांध्या घेऊन सरकते ना? मले मात्र एकटीलेच उपटून न्याचं म्हणता!”

आणि ती निघून गेली. उदेभान कितीतरी वेळ पाण्यात पाय सोडून बसून राहिला.

दुपारी रीतीप्रमाणे रोवणाऱ्या सगळ्यांची झाडूंकडं जेवणं होती. सपरीत पुरुषांच्या पत्रावळी मांडल्या. दुर्पता दाराआड उभी राहिली. उद्या सकाळी पॅसेंजर शिटी देईल, आणि मग या घराकडं बोट दाखवून गाव काय काय बोलेल, हे तिला आत्ताच ऐकू येत होतं. बाबांना आता मान वर करता येईल काय?

गावचा पुजारी कवडू भूमक मधोमध बसला होता. त्यानं भाताचा घास केला आणि सगळ्यांच्या मनातलं विचारलं.

“काय गा झाडू, लमझन्याची मुदत किती ठरली? पोरगा तं उद्याच चालला म्हणतेत.”

झाडूंचा घास हातातच राहिला. त्यांनी कुणाला लमझना ठेवलं नव्हतं. आणि गावाची समजूत त्यांनीही मोडली नव्हती. सुमित्राबाईंची भाताची परात जागच्या जागी थांबली.

उदेभाननं पत्रावळीवरून मान वर केली.

“रीत किती वर्षांची आहे?”

“तीन,” कवडू म्हणाला.

उदेभान झाडूंकडं वळला. त्याचे कान त्या पहिल्या दिवसासारखेच लाल झाले होते, पण आवाज स्थिर होता.

“ही रोवणी त्यात धरता ना... मामाजी?”

सकाळपर्यंत तो त्यांना काका म्हणत होता. या मुलखात सासऱ्याला मामाजी म्हणतात, हे सपरीतल्या लहान पोरालाही कळत होतं.

“आन तुही नोकरी?” झाडूंनी हळूच विचारलं.

“हे दगड सरांना पोचवून येतो. आमगावच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर पाहिजे, असं स्टेशनवर ऐकलं. तिथून रोज संध्याकाळच्या गाडीनं घरी येता येईल. रोवणीला, कापणीला सुटी काढीन. आणि सरांना लागणारे दगड तर इथंच आहेत, मामाजी. ते थोडेच नागपूरला आहेत?”

झाडूंनी हातातला घास सावकाश खाल्ला. पाणी प्यायले. मिशा पुसल्या. दाराआडच्या दुर्पताला वाटलं, एवढ्या वेळात आणखी एखादा डोंगर उभा राहिला असता.

“माह्या घरच्या लमझन्याले,” झाडू म्हणाले, “गोंडी चांगली बोलता आली पाहिजे.”

सगळी सपरी हसली. कवडूला ठसका लागला. आत जमुनाबाईंनी डोळे पुसले आणि लेकीला कोपरानं ढोसलं.

जेवणं झाली. “दुर्पता,” झाडूंनी हाक मारली, “जावयाच्या हातावर पानी घाल.”

ती तांब्या घेऊन अंगणाच्या कडेला आली. उदेभान हात पुढं करून वाकला होता. खाली पाहतच तो पुटपुटला, “लमझन्याला सुटी भेटते का हो?”

“नाही भेटत.”

“मग दगड कसे पोचवू?”

“जा.” ती तितक्याच हळू म्हणाली. “पण जितके दिवस बाहेर, तितके दिवस शेवटी जास्तीचे भरून द्या लागतेत.”

“कितीही देईन.”

“इतकं नोका बोलू. गोंडी शिका आधी.”

हात केव्हाच स्वच्छ झाले होते. तरी ती बारीक धारेनं पाणी ओततच राहिली, आणि त्यानंही हात मागं घेतले नाहीत.