दारापाशी राहिलेल्या चपला

आईच्या चपला दारापाशी होत्या आणि नोंदवही सांगत होती, आई आत आहे. आता खरं कुणाचं मानायचं?

केतकीनं वहीच्या पडद्यावरची नोंद पुन्हा वाचली. मंगळावरच्या या वस्तीत बारा घुमट होते, आणि बाहेर जाणाऱ्यानं घरातल्या चपला दारापाशी काढून ठेवायच्या, असा रिवाज. धुळीचं वादळ येत होतं. वहीत कुणी ‘बाहेर’ नसेल, तर दहा मिनिटांत दारं बंद होणार आणि दोन दिवस उघडणार नाहीत.

“आजोबा, आई सकाळी संदेशांचा मनोरा दुरुस्त करायला गेली. आलेली नाही.”

वही सांभाळणारे भास्करआजोबा म्हणाले, “अगं, बाराही घुमटांत हीच वही आहे, चुकेल कशी? उगाच जिवाला घोर नको लावून घेऊस.”

“मग चपला कशा इथे?”

आजोबांनी चपलांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ते भराभर टाइप करू लागले.

“मनोरा बंद पडला तेव्हा आपल्या तीन घुमटांचा बाकीच्यांशी संपर्क तुटला. आपण आपली पानं लिहीत राहिलो, पलीकडचे नऊ त्यांची. पानांच्या एका साखळीच्या दोन झाल्या. याला फोर्क (फाटा) म्हणतात. आपला कॉन्सेन्सस (एकमताचा नियम) असा, की लांब साखळी खरी. नऊ जणांची लांब झाली. मनोरा जोडला गेला आणि आपली आखूड साखळी गळाली, आईच्या नोंदीसकट. गळालेल्या नोंदी पुन्हा लिहायचं काम माझं. मीच विसरलो गं.”

म्हणजे आईनंच मनोरा जोडला आणि त्यानंच तिची ‘बाहेर’ची नोंद गेली. केतकीला धड रडूही येईना.

“लिहिलं. वर आणखी दोन पानं चढली की पक्कं,” आजोबा म्हणाले.

एक पान चढलं. दुसरं येईचना.

“फाटा फुटूच नये, असा नियम नाही का?” केतकीनं विचारलं. बोलत राहिलं की भीती जरा कमी वाटत होती.

“आहे ना, पण आपण तो घेतलेला नाही. बारांपैकी नऊ घुमट हो म्हणाल्याशिवाय पान लिहायचंच नाही. मग आपली वही थांबली असती, फाटा फुटलाच नसता.”

“पण वही थांबली असती, तर नोंदीशिवाय सकाळी आईसाठी दारही उघडलं नसतं.”

“नसतं. म्हणून तर वस्तीत यावर अजून भांडणं चालू आहेत.”

दुसरं पान चढलं. दारावरचा दिवा हिरवाच राहिला, म्हणजे दार आता बंद होणार नव्हतं.

सात मिनिटांनी धुळीनं माखलेली आई आत आली. “काय झालं? असे काय बघताय दोघं?”

“पुढच्या बैठकीत मी बोलणार आहे,” केतकी म्हणाली. “वही थांबली तरी दार हातानं उघडता आलं पाहिजे.”

आईनं चपला पायात सरकवल्या, आणि तेव्हा कुठे केतकी रडली.