गवंड्याची पाणसळ आणि धूमकेतू

रिहाब गच्चीवरून अशी किंचाळली, की वाळवंटाकाठच्या दूझ गावच्या बाजारातले बसलेले उंट उठले आणि उभे होते ते मटकन खाली बसले!

"माझ्या दुर्बिणीला कुणी हात लावला?"

"मी." मुंतसिर हसत जिना चढून आला. घरमालकिणीचा मुलगा, धंद्यानं गवंडी. "वाकडी उभी होती बिचारी. पाणसळ लावून सरळ केली. आभार नकोत, बाईसाहेब."

"सरळ केलीस? अरे, तो कणा, ज्याभोवती ती फिरते, तो तिरकाच असतो! ध्रुवाकडे रोखलेला! तेव्हा कुठे आकाशाबरोबर दुर्बीण फिरते. काल अर्धी रात्र घासली मी त्यासाठी!"

सूर्य बुडाला होता. धूमकेतू आज शेवटचा दिसणार, तोही जेमतेम अर्धा तास. त्याच्या फोटोसाठीच ती गाबेस शहराहून येऊन इथं दोन दिवस भाड्यानं राहिली होती. तो हुकला, की तिथलं खगोल मंडळ उसनी दिलेली दुर्बीण काढून घेणार… आणि ध्रुव अजून दिसायचं नाव घेत नव्हता.

दोन दिवस जिन्यात गाठ पडली, की दोघंही वाट द्यायला सरकायचे – आणि नेमके एकाच बाजूला! तेव्हा हाच माणूस तिला गोड वाटला होता. आता तर त्या गोड वाटण्याचाच जास्त संताप येत होता.

"तो खजूर बघ," मुंतसिर ओशाळून म्हणाला. "शेंड्याच्या चार बोटं वर. ध्रुव तिथंच दिसतो. उन्हाळाभर इथंच झोपतो मी."

"आणि चुकलं तर?"

"तर मला ढकल खाली."

रिहाबनं दात-ओठ खात कणा तिकडे रोखला, स्क्रू आवळले. आकाश काळवंडलं… आणि ध्रुव अगदी तिथंच लुकलुकला! जरासा इकडे, जरासा तिकडे – बसला मधोमध.

"माफ केलेलं नाही हं!" धूमकेतूवर दुर्बीण वळवत ती फणकारली. "आता दोन मिनिटं हलू नकोस. गच्ची थरथरते."

"श्वास घेऊ?"

"जपून!"

शटर उघडलं. अंधारात दोघं खांबासारखी उभी.

"रिहाब…" तो ओठ न हलवता पुटपुटला. "उद्या तू गेलीस, तर मला करमणार नाही."

तिला ओरडायचं होतं, पण हलता येत नव्हतं! कानशिलं तापली. दोन मिनिटं म्हणजे दोन रमजान!

खट्. शेपटीसकट धूमकेतू फोटोत उतरला.

"ही काय मागणी घालायची रीत झाली?" ती उसळली. "असं गच्चीवर? शुक्रवारी आईला घेऊन गाबेसला ये. बाबा घरीच असतात… आणि उशीर केलास, तर बघ!"