घरखुणा

सकाळी कणीक मळताना गौतमी शेडगेचा अंगठा आपोआप वळला आणि परातीतल्या गोळ्याची कड त्याने सफाईने दाबत नेली. पवनचक्कीच्या पात्यावरची चीर अशीच बुजवतात. ती स्वतःशीच हसली. नवा हात बसायला लागला होता.

धाकटा भाऊ प्रणीत चहाचा कप ठेवून उठला. तो जन्मापासून बहिरा. साताऱ्यातल्या एका पेढेवाल्याकडे खवा आटवायला जायचा. जाता जाता त्याने कानाची पाळी चिमटीत धरली आणि तळहात हळूच खाली आणला. गौतमीने मान डोलावली. कानाची पाळी म्हणजे आई. तिच्या कानात मोठ्या कुड्या असायच्या, म्हणून. आईचं वर्षश्राद्ध आलं होतं, त्याची तो आठवण करून देत होता.

ही त्यांची घरातली भाषा. पाटण तालुक्यातल्या त्यांच्या गावात बहिऱ्या मुलांची शाळा नव्हती, तेव्हा दोघांनी खेळता खेळता खुणा बनवल्या. आई त्यांना घरखुणा म्हणायची. प्रणीत मोठा झाला तरी त्याला दुसरी भाषा आली नाही. दुकानांच्या पाट्या आणि आकडे एवढंच त्याला वाचता यायचं. गौतमी मात्र पुढे प्रमाण खुणाभाषा शिकली आणि एका मोठ्या रुग्णालयात दुभाषी म्हणून लागली. बहिऱ्या रुग्णांचं म्हणणं डॉक्टरांना सांगायचं, डॉक्टरांचं त्यांना.

मग तिथे पडद्यावरचा दुभाषी आला. समोरच्या माणसाच्या खुणा तो कॅमेऱ्याने टिपायचा आणि लगेच मराठीत बोलून दाखवायचा. गौतमी बेसावध नव्हती. कायमची नोकरी ही तिच्या पिढीने आईवडिलांच्या बोलण्यातच ऐकलेली गोष्ट. करार अकरा महिन्यांचा. एक हातात पडला की दुसरा शोधायला लागायचं, ओळखी टिकवायच्या, दरवर्षी काहीतरी नवं शिकायचं. तिने हे सगळं मनापासून केलं होतं. रुग्णालयाने निरोप दिला, त्याआधीच तिची दुसरीकडे निवड झालेली होती. समुद्रातल्या पवनचक्क्यांची पाती यांत्रिक हात दुरुस्त करायचे आणि ते हात साताऱ्यातल्या एका दालनात बसलेली माणसं चालवायची.

हे काम एरवी शिकायला तीन वर्षं लागली असती. हस्तबोध नावाच्या नव्या तंत्राने ते दोन महिन्यांत आलं. झोपताना हातात मोजे आणि कपाळावर पट्टा चढवायचा. कुशल कारागिराच्या हातांची नोंदवलेली हालचाल मोजे तिच्या बोटांना करायला लावत आणि पट्टा ती मेंदूत मुरवत असे.

"आधीचं पुसलं जातं का?" पहिल्या दिवशी तिने प्रशिक्षक इनामदार मॅडमना विचारलं होतं.

"पुसत नाही. पण रानातल्या वाटेवरून कुणी गेलं नाही की गवत वाढतं ना, तसं होतं. तुम्ही आधी काय करायचात?"

"खुणाभाषेची दुभाषी होते."

मॅडमनी तिच्या बोटांकडे पाहिलं. "बोटांचं बारीक काम आहे ते. नवं काम तीच जागा मागणार. पण ती भाषा आता पडद्यावर मिळतेच की."

घरखुणांबद्दल गौतमी काही बोलली नाही. कळत्या वयापासूनची भाषा, ती कुठे जातेय, असं तिला वाटलं.

त्या सकाळनंतर आधी तिचे हात अडखळायला लागले. भात वाढू का, असं विचारायला हात उचलावा आणि बोटांनी चीर बुजवण्याची हालचाल करावी. प्रणीतला गंमत वाटायची. मग त्याच्या खुणाही तिला कळेनाशा झाल्या. दुसऱ्याचा हात वाचताना आपल्या हाताची स्मृती मनातल्या मनात हलत असते, हे तिला उशिरा समजलं. प्रणीत तिच्यासाठी सावकाश खुणा करायला लागला, घरी आलेल्या परक्या माणसासाठी करावं तसा. नंतर त्याने त्याही कमी केल्या. जेवण झालं की ताट धुऊन तो आपल्या खोलीत जायचा.

गौतमी पुन्हा इनामदार मॅडमकडे गेली.

"प्रमाण भाषा परत देता येईल," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या घरातल्या खुणा मी कुणाच्या हातातून घेऊ?"

"माझ्या भावाच्या."

"हालचाल मिळेल. अर्थ कोण सांगणार?"

अर्थ माहीत असलेलं, बोलू शकणारं माणूस ती एकटीच होती, आणि आता तीच तो विसरत चालली होती.

"मी हे काम सोडलं तर?"

"तरी आपोआप येणार नाही. त्याच्याकडून पहिल्यापासून शिकावं लागेल, वर्षानुवर्षं. आणि पुढच्या करारात परत नवा हात घ्यावा लागेलच ना, गौतमीताई?"

तिने पुढच्या कामासाठी अर्ज टाकलेले होते. समुद्राखालच्या तारा जोडणं, डोळ्यांची भिंगं बसवणं. सगळी हातांचीच कामं होती.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी तिला रुग्णालयातून फोन आला. प्रणीत कढईजवळ चक्कर येऊन पडला होता. ती धावत पोचली. खाटेवर तो उठून बसला होता, चेहरा उतरलेला. डॉक्टर भोईटे ती दुभाषी असल्यापासून ओळखीचे होते.

"बरं झालं तुम्ही आलात," ते म्हणाले. "हृदय, रक्त, सगळं तपासलं. काही सापडत नाही. पेढेवाल्याकडचे लोक सांगतात, कित्येक दिवस डबा तसाच परत नेतो. तो मघापासून एकच खूण करतोय आणि पडद्याला ती ओळखता येत नाही."

प्रणीतने तिच्याकडे पाहिलं. मूठ छातीवर ठेवली, दोन बोटं उघडली आणि ती तिच्या दिशेने नेऊन परत आणली. मग थांबून पुन्हा तेच.

गौतमी बघत राहिली. ही खूण तिने हजार वेळा पाहिली होती, कदाचित तिनेच बनवली होती. तिने स्वतःच्या छातीवर मूठ ठेवून बोटं उघडली. प्रणीतने नकारार्थी मान हलवली, तिचा हात हातात घेतला आणि करंगळी सरळ करून दिली. तिने परत केली. त्याने परत दुरुस्त केली. त्याच्या तळहातांना खव्याचा वास येत होता.

"काय म्हणतोय?" डॉक्टरांनी विचारलं. "छातीत दुखतंय का त्याच्या?"

तिला सांगता येईना. तो आपलं दुखणं सांगत होता, की तिलाच विचारत होता, तुला काय झालंय?