पुडीचा गुण कुठे गेला

"चोर मला माहीत आहे. तुम्ही फक्त पुरावा काढून द्या," रचना टेंभरे खुर्चीत नीट टेकायच्या आधीच म्हणाली.

बालाघाटच्या बसस्टँडमागे संध्याताई रामटेकेंची खासगी तपासाची खोली होती. कोपऱ्यात त्यांचा धाकटा भाऊ धम्मपाल चहा पीत बसला होता. गाडी चालवणं आणि दिसेल त्याच्यावर संशय घेणं, ही दोन कामं तो मन लावून करायचा.

"चोरलं काय?" संध्याताईंनी विचारलं.

"औषधाचा गुण."

धम्मपालचा चहा नाकात गेला. रचनाला असा राग आला म्हणता!

नागपूरला तिची पीएचडी चालली होती. विषय होता, गायीचं दूध वाढवणारी जडीबुटीची पुडी. हट्ट्याजवळच्या एका गावात दिवाळीत तिने प्रयोग केला आणि दूध भराभर वाढलं. आकडे इतके चोख निघाले की सरांनी पाठ थोपटली. होळीच्या सुमारास पुन्हा केला, तर दूध जिथल्या तिथे. म्हणजे पुडीत भेसळ! पुड्या घरोघर पोचवायचा पुनाराम. तिने त्याला हाकलून दिलं. आता गावची डेअरीही त्याच्या घरचं दूध घेईना. पुडीत भुसा घालणारा दुधात पाणी घालणार नाही कशावरून?

"अन् होळीचे आकडे?" संध्याताई म्हणाल्या.

"ते पेपरात घेतलेच नाहीत. भेसळ होती ना!"

"हौ," संध्याताई एवढंच म्हणाल्या. रचनाला ते 'हौ' मुळीच आवडलं नाही.

तिघं आधी जडीबुटीवाल्या प्रेमलालच्या दुकानात गेले.

"दोनो बार का माल एकाच गोणीतला हाय, बाई," तो म्हणाला. "मॅडमनं इथंच बसून पुड्या बांधल्या, वरून लाखेची मोहर मारली. पूछ लो."

"हाच असंन, ताई," धम्मपाल कानात कुजबुजला. "तोंडावरच दिसून राह्यलं."

"तू गाडी चालव."

गावात आनंदीबाई गोठा झाडत होती. "मोहर दर बखत मीच फोडली. शाबूत राहे. पुनाराम तं दारातूनच वापस जाये."

"दिवाळीले दूध वाढलं होतं?"

"वाढलं तं! कपिली पार आटली होती, ते सावरली. माही दुसरी गाय भुरी, तेबी तशीच आटली अन् तशीच सावरली."

"भुरीले पुडी देल्ली होती?"

"नाही बापा. एका घरची एकच गाय घेतली मॅडमनं."

रचना तेव्हा मोबाइलमध्ये फोटो शोधत होती. पहिल्या प्रयोगाचा कपिलीचा फोटो तिने कौतुकाने पुढे केला. शिंगं ताज्या रंगाने रंगवलेली, गळ्यात मोरपिसं, खुरांपाशी फटाक्यांचे फाटके कागद.

"गायी याच दिवशी निवडल्या?"

"त्याच संध्याकाळी. गावातल्या सगळ्या गायींचं दूध मोजलं आणि सगळ्यात कमीवाल्या घेतल्या. गरज त्यांनाच होती."

"अन् होळीले?"

"तेव्हा मिळतील त्या घेतल्या. वेळ नव्हता."

पुनाराम अंगणात दोर वळत बसला होता. त्याने मान वर केली नाही. "म्या काही नाही केलं, बाई. पण मॅडम शिकलेल्या हाय," एवढंच बोलला.

परत आनंदीबाईच्या गोठ्याशी येऊन संध्याताई थांबल्या.

"चोरी झालीच नाही. माल एकाच गोणीतला, मोहर शाबूत. म्हणजे दोन्ही खेपेले पुडी तेच. मंग फरक कशात? त्या फोटोत पाहा. तो गायगोधनाचा, दिवाळीच्या पाडव्याचा दिवस होय. डफडं वाजवून, फटाके फोडून साऱ्या गावानं गायी खेळवल्या. भेदरलेली गाय त्या सांजेले पान्हा चोरतेच."

"म्हणजे चोर गाय?" धम्मपालने डोळे मोठे केले.

"गप बस! जिनं सगळ्यात जास्त पान्हा चोरला, तेच गाय नेमकी मॅडमनं निवडली. तिचं दूध पुढं आपसूकच वाढणार होतं. भुरीचं नाही का वाढलं, पुडीबिगर? पुडी न देल्लेल्या गायीबी मोजत राह्यल्या असत्या, तं तवाच उमजलं असतं. होळीले ना गोधन होतं, ना कमीवाल्या निवडल्या. मंग वाढन कसं?"

"पण आकडे..." रचना म्हणाली.

"आकडे खरेच होते. निवड चुकली."

"मंग पुनारामचं नाव काहून आलं?" धम्मपालने भाबडेपणाने विचारलं.

"मॅडमले चोर पाहिजे होता. तो भेटला, अन् नको ते आकडे फेकता आले."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं रचनाला झालं. दुसरे आकडे हाती आले तेव्हा तिने पुडीवर क्षणभरही संशय घेतला नव्हता. पुनारामचं नाव मात्र चटकन सुचलं होतं. आपण इतक्या हलक्या निघालो, याची तिला किळस आली.

तिने तिथूनच सरांना फोन लावला आणि पेपर मागे घ्यायला सांगितलं. सर संतापले. ती ऐकत राहिली. मग डेअरीत जाऊन चार लोकांपुढे चूक कबूल केली. शेवटी ती एकटीच पुनारामच्या अंगणात गेली.

"काका, चूक माझी होती. पुडीत गुणच नव्हता."

पुनाराम गडबडून उभा राहिला. "असं नोका म्हणू, मॅडम! मी साऱ्या गावाले सांगून राह्यलो, मॅडमची पुडी पक्की हाय. माह्याच हाताले गुण नसंन. तवापासून मी आपल्या गायीलेबी हात नाही लावत. घरवाली रुख्माच दूध काढते."

"तुमच्या हाताला काही झालेलं नाही, काका," म्हणत ती त्याचे हात धरायला पुढे झाली.

त्याने ते धोतराला पुसले आणि पाठीमागे घेतले.