पाठीला पाठ

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं काहीही मी रचलेलं नाही. उलट एक गोष्ट अकरा वर्षं लपवली. ती आज सांगते.

नोव्हेंबरातला शनिवार. नेदरलँड्समधलं झुटफेन शहर, आयसेल नदीच्या काठावरची तंबू ठोकायची जागा.

आम्ही दोघंच होतो. मी योरीन, आणि माझा पाठचा भाऊ वुब्बे.

आईच्या अंत्यविधीला तो आला नव्हता. दोन वर्षं आमचा अबोला होता. मग त्याचाच फोन आला, "चल, लहानपणीसारखं तंबूत राहू. भांडण मिटवून टाकू."

दिवसभर शहर पाहिलं. जुन्या चर्चमधली, चोरीला जाऊ नयेत म्हणून साखळीनं बांधलेली पुस्तकं बघून तो म्हणाला, "तुलाही असंच बांधायला हवं. सारखी रुसून पळतेस." मीही हसले.

चार वाजता तंबू ठोकला. जागा सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या हेंद्रिकेबाई दोर बघायला आल्या.

"एकच सांगते. इथे पाठीला पाठ लावून झोपू नका."

"का हो, घोरणं ऐकू जातं?" वुब्बेनं विचारलं.

त्या हसल्या नाहीत. "पंधराशे बहात्तर साली स्पॅनिश सैनिकांनी इथल्या माणसांना तसंच जोडीजोडीनं बांधून नदीत ढकललं."

"शाळेत झालंय ते, बाई," तो म्हणाला.

वाटाण्याचं सूप पिताना मला राहवलं नाही. "आईला शेवटचं बघायला का नाही आलास?"

"तुझं रडकं तोंड बघायला यायचं होतं?"

"आईऐवजी तू का नाही मेलास!"

हे मी बोलले. मीच.

पाऊस सुरू झाला. चिमुकला तंबू. रागानं दोघंही तोंडं फिरवून आडवे झालो.

पाठीला पाठ लागली...

साडेपाच वाजले असतील. बाहेर काळोख पडला होता.

खट्... तंबूचा एक दोर तुटला.

खट्... दुसरा.

मग पावसाचा आवाजच थांबला.

"योरीन, मस्करी पुरे. हात सोड."

"मी नाही धरलेला..."

माझ्या डाव्या मनगटावर ओला, गार दोर आवळला जात होता.

एक हिसका बसला. दोघांच्या पाठी एकमेकींवर आदळल्या. माझा डावा खांदा कडकन मोडला. तंबू फाटला आणि आम्ही गवतावरून फरफटत निघालो.

ओढणारं कुणीच दिसत नव्हतं. फक्त गवत दाबलं जात होतं... दोन्ही बाजूंनी, जड बुटांखाली.

वुब्बेचं डोकं दगडावर आपटलं. त्याचं गरम रक्त माझ्या मानेवरून ओघळलं.

पाणी कमरेला आलं. मग तोंडाशी. तो खाली होता, मी वर.

माझ्या खिशात पाव कापायची सुरी होती. उजवा हात मोकळा होता.

"योरीन, दोर कापू नकोस! मला सोडू नकोस..."

मी कापला.

पोलिसांना सांगितलं, त्याचा पाय घसरला.

दोन दिवसांनी तो सापडला. दोर नव्हता. पण हात पाठीमागे वळलेले होते, ते कुणालाच सरळ करता आले नाहीत.

तेव्हापासून मी भिंतीला पाठ टेकवून झोपते.

गेल्या शनिवारी भिंत ओली लागली. मग ती हलली... श्वास घेतल्यासारखी.

मनगटाभोवती काहीतरी गार फिरलं आणि सुटलं.

घरात आता मी एकही सुरी ठेवलेली नाही. या वेळी कापायचं नाही, हे ठरलंय.

पण मला फार भीती वाटते.