उघडे फूटरेस्ट

आमच्या घरात एक नियम आहे. मागे कुणी बसणार नसेल तर गाडीचे मागचे फूटरेस्ट दुमडायचे, मगच किक मारायची. का, असं विचारायचं नाही. लहान असताना मी विचारलं, तर आई म्हणाली, मोठेकाकांना विचार. मोठेकाका म्हणाले, जेवून घे. बारावीत पुन्हा विचारलं, तर बाबा म्हणाले, काही गोष्टी नुसत्या ऐकायच्या असतात. पदवी घेऊन आले तेव्हा विचारलंच नाही. तोवर मला कळून चुकलं होतं की या घरात उत्तर माहीत नसलं की आवाज चढवतात आणि माहीत असलं की जेवून घे म्हणतात.

बाबा आणि मोठेकाका, दोघा भावांचं मोटरसायकलींचं गॅरेज आहे. वर घर, खाली गॅरेज. कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक जुनी गाडी कित्येक वर्षं पडून होती. उन्हाळ्यात मी ती बाहेर ओढली. मोठेकाकांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण नाही म्हणाले नाहीत. पिस्टन, वायरिंग, मागचे दोन्ही शॉकअप, सगळं नवीन घातलं, स्वतःच्या हातानं. कारण मला नोकरी लागली होती. शहरातल्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, सकाळची पाळी. पहिली बस ड्यूटी सुरू झाल्यावर पोचते. म्हणजे गाडी हवी, नाहीतर नोकरी नाही.

डिसेंबरातला शेवटचा रविवार होता. सोमवारी पहाटे मला रुजू व्हायला निघायचं होतं. जेवणं झाल्यावर आम्ही चौघं खाली आलो. बाबा, मोठेकाका, मी आणि माझा चुलतभाऊ, ज्याला उंचीमुळे सगळे लांब्या म्हणतात. शटर अर्धं खाली ओढलं होतं. ऑइलच्या कापलेल्या पिंपात लाकडाचे तुकडे जळत होते. बाहेर इतकी थंडी होती की पाना हातात धरवत नव्हता.

गॅरेजच्या समोरच्या भिंतीवर खडूची एक आडवी रेघ आहे. हेडलाइट जुळवायची. गाडीवर बसायचं, इंजिन चालू करायचं, आणि उजेडाची वरची कड त्या रेघेवर आणायची. उजेड वर गेला तर तो समोरच्याच्या डोळ्यात जातो, खाली राहिला तर रस्ता दिसत नाही. संध्याकाळीच मी माझा हेडलाइट त्या रेघेवर तंतोतंत बसवला होता.

"उद्या जाणार म्हणतेस?" मोठेकाका म्हणाले.

"म्हणत नाही. जाणार आहे."

"तिला जा म्हणा," लांब्या म्हणाला, "म्हणजे ती घरी बसेल."

मोठेकाका हसले नाहीत. "एकटी जाणार. अंधारात. थंडीची. मग आज ऐकूनच घे," ते म्हणाले. "माझ्या ओळखीचा एक कंपाउंडर होता..."

मी घड्याळाकडे बघितलं. मला झोपायचं होतं. पण मोठेकाकांनी एकदा पिंपाजवळ स्टूल ओढलं की कुणी उठायचं नसतं. हा आणखी एक नियम.

"भला माणूस," मोठेकाका सांगू लागले. "भूतबित काही मानायचा नाही. लोक सुईला घाबरले की म्हणायचा, इथे सुईची ही गत, स्मशानात काय कराल? नवराबायको दोघंच. दोघांचं फार छान जमायचं. कुठेही जायचं तर ती मागे हवीच. थंडीत तिचे हात गारठायचे, मग ती मागून त्याच्या जॅकेटच्या खिशात हात घालून बसायची. आणि हा गिअर टाकायच्या आधी दर वेळी विचारायचा, 'बसलीस?' ती म्हणायची, 'हं.' मग निघायचा."

"सगळेच विचारतात," मी म्हणाले.

"विचारतात. मागे कुणी असलं तर."

बाबा पिंपातल्या जाळाकडे बघत होते. त्यांनी ही गोष्ट आधी ऐकलेली होती, हे मला दिसत होतं.

"असाच डिसेंबरातला शेवटचा रविवार. सासू आजारी पडली म्हणून तो बायकोला माहेरी सोडायला गेला. मधे मोठा माळ लागतो. वस्ती नाही, दिवा नाही. सोमवारी सकाळी दवाखाना उघडायचा म्हणून याला त्याच रात्री परतायचं होतं. जेवल्यावर सासऱ्यांनी गप्पांत धरून ठेवलं. बायको आत आईच्या खोलीत गेली. थंडी होती, म्हणून कोळशाची शेगडी आत घेतली, दार-खिडकी लावून घेतली. जाताना याला म्हणाली, 'निघताना मला उठवा हं. तशीच जाऊ नका.'"

"मग?"

"बराच उशीर झाला. यानं विचार केला, दमून झोपली असेल, कशाला उठवायचं. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्र घातलं, मफलर गुंडाळला, बाहेर आला. ती उतरली होती तेव्हापासून फूटरेस्ट उघडेच होते. किक मारली. गिअरवर पाय ठेवला. आणि सवयीनं तोंडातून गेलं... 'बसलीस?'"

लाकूड तडकलं.

"आणि गाडी मागून खाली दबली."

"शॉकअप गेले असतील," मी म्हणाले. "थंडीत ऑइल सील कडक होतं, गळायला लागतं."

"त्यालाही तसंच वाटलं."

"मग त्यात एवढं काय..."

"ऐक ना जरा," बाबा म्हणाले. ते रागावले नव्हते, म्हणून मी गप्प बसले.

"माळाला लागला. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी. बोटं क्लचवर आहेत की नाहीत कळेना. आणि रस्ता दिसेना. का? तर उजेड रस्त्यावर नव्हताच. वर होता. झाडाच्या शेंड्यात. मागे माणूस बसला की हेडलाइट कसा आभाळाकडे तोंड करतो... तसा."

लांब्यानं स्टूल पुढे ओढलं.

"मग पाठ गरम झाली. नुसती पाठच. छाती गारठलेली, गुडघे गारठलेले, आणि पाठीला ऊब. कुणी टेकून बसावं तशी."

"फार थंडी लागली की शरीराला असे भास होतात," मी म्हणाले. "कुणालाही होतात. याला शास्त्रीय..."

मोठेकाकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मग खिशात हात आले."

लांब्यानं आपले हात खिशातून बाहेर काढले.

"दोन्ही खिशांत. गार. हळूच सरकत आले. डाव्या हाताच्या बोटातली अंगठी बरगडीला लागली. रोज लागायची... तशीच."

"मागे बघितलं त्यानं?" लांब्यानं विचारलं.

"नाही."

"आरसा?"

"आरसा आधीच फिरवून टाकला होता. घर आलं. इंजिन बंद केलं. एरवी ती आधी उतरायची, मग हा. वाट बघत बसला. गाडी दबलेलीच. हात खिशातच."

"मग म्हणायचं ना," मी म्हणाले, "घर आलं, उतर. एवढंच."

"तोंडातून शब्द फुटायला हवा, पोरी."

शटरच्या फटीतून वारा आत आला. जाळ आडवा झाला, पुन्हा उभा राहिला.

"सकाळी शेजाऱ्यानं बघितलं. हा तसाच गाडीवर बसलेला. डोळे उघडे. मला बोलावणं आलं, म्हणून मी गेलो. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. रात्री दव गोठलं होतं. टाकी पांढरी. हँडल पांढरं. याचे खांदे, मफलर... सगळं पांढरं. मागची सीट तेवढी काळी. कोरडी. मी वर तळहात ठेवला." मोठेकाकांनी आपला हात जाळापुढे उलटा-सुलटा केला. "गरम होती."

"आणि बायको?" मी विचारलं.

"निरोप येऊन पडला होता. बंद खोलीत शेगडी. वास नाही, धूर नाही. मायलेकी झोपेतच गेल्या. डॉक्टरांचं म्हणणं पडलं, हा निघाला त्याच्या थोडं आधीच."

मला भीती वाटली, हे लपवत नाही. पण भीतीच्या वर राग आला. माझं नेहमी असंच होतं.

"म्हणजे ती सांगून गेली होती, उठवा म्हणून. यानं उठवलं नाही. दार वाजवलं असतं तर निदान कळलं असतं. तरी ती बिचारी मागे येऊन बसली, आणि हा रात्रभर एक शब्द बोलला नाही. आणि तुम्ही त्यावरून नियम काय काढलात? तिला पाय ठेवायला जागा मिळू नये, हा?"

"हळू बोल," बाबा म्हणाले.

"का? कुणाची झोप मोडेल?"

बाबा मोठेकाकांकडे बघू लागले आणि मोठेकाका माझ्या मागे. माझ्या गाडीकडे.

"तो वाचला, पण त्यानं पुन्हा हात लावला नाही या गाडीला," मोठेकाका म्हणाले. "म्हणून मी इथे आणून ठेवली. तू सीट बदललीस, शॉकअप बदललेस. मला वाटलं, बदललं की झालं. फूटरेस्ट तेवढे जुने आहेत."

त्या क्षणी मी गप्प बसले असते तर सकाळी निघू शकले नसते, हे मला पक्कं माहीत होतं. मग परवाही नाही. मग कधीच नाही. मी उठले, गाडीवर बसले आणि स्टँड काढला. किक मारली. भिंतीवर उजेड पडला. वरची कड रेघेवर, जशी मी लावली होती तशी.

टाचेनं मी मागचे दोन्ही फूटरेस्ट खाली पाडले. टक... टक.

"दुमड ते," मोठेकाका म्हणाले.

"नियम मोडला की काय होतं ते बघूया एकदा." मी हसले. हसू जरा मोठंच झालं. मग मान न वळवता मी म्हणाले, "बसलीस?"

इंजिन चालू होतं. लांब्या हसायला तोंड उघडून तसाच राहिला.

भिंतीवरचा उजेड हलला.

हळूच. कुणी खांद्याला धरून, पाय वर टाकून, नीट टेकून बसावं तसा. कड रेघेवरून सुटली. वर गेली. नवे शॉकअप... माझ्या हातानं बसवलेले... माझ्या खाली दबले.

घर आलं, उतर. एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं. जीभ टाळ्याला चिकटली होती. पाठीला ऊब लागत होती, आणि पिंप तर माझ्या समोर होतं.

"उतर तू," बाबा कुजबुजले. "उतर आणि दुमड ते. ऐक माझं. दुमड."

"नाही," मी म्हणाले. तो आवाज माझा वाटत नव्हता.

"अगं..."

"कशी दुमडू, बाबा? पाय आहेत त्यावर."

बाबांनी मोठेकाकांकडे बघितलं. मोठेकाकांनी मान खाली घातली.

भिंतीवर खडूच्या रेघेच्या वीतभर वर उजेड होता. तो खाली आला नाही.