पाचव्या नळकांड्यातली हवा

आबांचा शेवटचा दिवस आभाळातून पडलेल्या पेटीने सुरू झाला.

१९९६चा मे महिना होता. वडूजजवळच्या आमच्या रानात, ज्वारीच्या धसकटांवर एक लाल-पांढरं पॅराशूट पसरलं होतं. त्याला बांधलेल्या चौकटीत पोलादाची पाच नळकांडी होती. वर लिहिलं होतं — शास्त्रीय उपकरण, हात लावू नये, या नंबरवर कळवावे.

आबा, माझे वडील, फौजेतले निवृत्त हवालदार. त्यांनी भोवती बाभळीच्या फांद्या रचल्या. शेजारची धोंडुबाई नारळ घेऊन आली, तिला बांधावरच अडवलं.

"आवं हवालदार, वरनं आलंय. कुकू तरी लावू द्या!"

"वरनं आलंय म्हंजी सरकारी हाय. मागं सर."

मग फोन करायला सायकलवर टांग मारून ते मला म्हणाले, "पहारा तुझा."

हा आमचा माझ्या लहानपणापासूनचा पहारेकऱ्याचा खेळ. परत आले की ते विचारायचे, "संत्री, रिपोर्ट?" मी टाचा जुळवून म्हणायचे, "सब ठीक, साब!" मी तेवीस वर्षांची झाले, रसायनशास्त्राची पदवी घेतली, तरी खेळ चालूच होता.

ते वळणाआड गेले आणि मी पाचव्या नळकांड्याची चावी अर्धा वळसा फिरवली. वरच्या हवेला वास असतो का, एवढंच बघायचं होतं. वास आला नाही. सूं... आवाज झाला आणि माझी बट नळकांड्याच्या तोंडाकडे ओढली गेली. हवा बाहेर येत नव्हती — आत जात होती. मी चावी घट्ट आवळली.

"संत्री, रिपोर्ट?"

"सब ठीक, साब."

दुपारी सोलापूरकडून जीप आली. उतरलेल्या तरुणाचं नाक उन्हाने सोललं होतं. अनीश, मूळचा सांगलीचा, अहमदाबादला संशोधन करत होता. आबांना नमस्कार करून तो पेटीपुढे गुडघ्यांवर बसला.

"काय आहे यात?" मी विचारलं.

"हवा."

"इथली कमी पडली?"

तो हसला. "ही वीस ते पस्तीस किलोमीटर उंचीवरची, अगदी विरळ. फुगा वर जाताना एकेक नळकांडं ठरलेल्या उंचीवर उघडतं, हवा घेतं, बंद होतं. तुमच्या फ्रीजमधला वायू तिथवर किती पोचतो, कसा मिसळतो, ते मोजायचं."

"आमच्याकडे फ्रीज नाही. माठ आहे."

"मग तुम्ही निर्दोष."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. मी तांब्या सोडला आणि पाचव्या नळकांड्याकडे बघायचं टाळलं.

त्याने एक कागद काढला. उपकरणाला कोणीही हात लावलेला नाही, असं लिहून खाली सही हवी होती.

"पहारा अखंड व्हता, साहेब," आबा म्हणाले आणि सही केली. मी मागे उभी होते. बोलायला तोंड उघडलं. पण आबांची मान इतकी ताठ होती, की —

जीप निघाली. अनीशने दोनदा वळून पाहिलं. आबांनी मिशीत हसत मला विचारलं, "पोरगं दोनदा वळलं. काय इसरलं का काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं.

आठवड्याने आबांच्या नावे आभाराचं पत्र आलं. उत्तर मी लिहिलं. मग पत्रं येत राहिली. त्याने एकदा लिहिलं, 'ढगांखाली हवा रोज ढवळली जाते. वर मात्र थरावर थर असतात, वायू वर्षानुवर्षं सावकाश चढतो. तिथे कुणाला घाई नसते.' मी लिहिलं, 'मग तुमची पत्रं तिथूनच येत असावीत.' पुढची दोन पत्रं एकाच आठवड्यात आली.

फेब्रुवारीत मात्र त्याने लिहिलं, 'पाचव्यात तो फ्रीजचा वायू फार जास्त निघाला. सर म्हणतात गळती झाली असेल, टाकून द्या. पण माझ्याकडे हवालदारांचा कागद आहे.'

मी सगळ्या पत्राला उत्तर दिलं. त्या ओळींना नाही.

सप्टेंबर सत्त्याण्णव. तोवर मला सांगलीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. हरिपूरच्या घाटावर आम्ही भेटलो. पावसाची बारीक भुरभुर होती. कृष्णा आणि वारणा, दोन रंगांचं पाणी शेजारी शेजारी चाललं होतं.

"बघ, भेटल्या तरी अजून मिसळल्या नाहीत," तो म्हणाला.

"घाई नसते, असं तूच लिहिलंस."

"मला आहे." तो थांबला. "सोमवारी प्रबंध जमा करतोय. चौथं प्रकरण पाचव्या नळकांड्यावर उभं आहे. खालची हवा इतक्या झपाट्याने वर चढते, हे आजवर कुणी दाखवलेलं नाही. आबांचा मूळ कागद तुला द्यायला आणलाय, प्रबंधाला झेरॉक्स लावीन. आणि... माझ्या आईला भेटशील? भेटशील म्हणजे —"

"कळलं, भेटणं म्हणजे काय ते." मी त्याच्या फाईलवर हात ठेवला. "थांब. आधी ऐक. आबा फोनला गेले तेव्हा पाचवं नळकांडं मी उघडलं होतं, आणि त्यांना 'सब ठीक' असा रिपोर्ट दिला."

त्याने फाईल मांडीवर ओढून घेतली.

"किती वेळ?"

"बट ओढली जाईपर्यंत."

"सोळा महिने, शिवांजली. एवढी पत्रं लिहिलीस..."

"ती आबांची शेवटची सही होती. मी बोलले असते तर खोटी ठरली असती."

"खोटी नाही. त्यांना जो रिपोर्ट मिळाला, त्यावर त्यांनी सही केली." त्याने फाईलमधून कागद काढला. पावसात भिजू नये म्हणून त्यावर तळहात धरला. "खाली जागा आहे. लिही."

"आणि प्रकरण?"

"जाईल. चार नळकांडी उरली." त्याने पेन पुढे केलं. "मला राग आलाय. खूप आलाय. पण मी उठून जात नाहीये... आणि आईचं विचारलंय, ते तसंच आहे."

मी आबांच्या सहीखाली लिहिलं. तारीख, वेळ, अर्धा वळसा, माझं नाव. मग ओल्या पायरीवर उभी राहिले आणि टाचा जुळवल्या.

"सब ठीक न्हवतं, आबा," मी मोठ्याने म्हणाले. "पहारा माझा व्हता, आन् चावी मीच फिरवली." अनीश उठून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता. "आन् ते पोरगं... काय बी इसरलं न्हवतं."